स्थलांतरावरचं संशोधन धोरणापर्यंत कसं पोचतं?

प्रश्न असा आहे: "समाजशास्त्रात एमए झालं आहे, बीड जिल्ह्यातला आहे. स्थलांतर आणि सांस्कृतिक विविधता या विषयात पीएचडी करायचा विचार आहे. विद्यापीठातलं असं संशोधन सरकार खरंच वापरतं का, की अहवाल कपाटात पडून राहतात? सगळे कॅनडाचं उदाहरण देतात. तिथे नेमकं काय घडतं?"

वापरतं. पण प्राध्यापकानं अहवाल लिहिला, मंत्र्यानं वाचला आणि कायदा बदलला, अशा सरळ वाटेनं जवळजवळ कधीच नाही. टोरांटोत परदेशातून आलेली माणसं कशी स्थिरावतात यावर मी बरीच वर्षं काम करतो आहे, काही काळ विद्यापीठाकडून, काही काळ सरकारी खात्याकडून. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. एखाद्या गाजलेल्या शोधनिबंधानं धोरण हलत नाही. तीच ती माणसं वर्षानुवर्षं कुठे गेली, काय कमावू लागली, याच्या नोंदी सलग ठेवल्या आणि त्या पुढ्यात घेऊन अधिकारी आणि संशोधक नेमानं एकत्र बसले, तर हलतं. यातलं एक जरी तुटलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

आधी नोंदींबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे.

कॅनडानं १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. त्याआधी तुम्ही कोणत्या देशातले यावर बरंच अवलंबून असे. आता शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण मिळू लागले. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनीअर मोठ्या संख्येनं तिकडे जाऊ शकले ते यामुळेच. कागदावर निवड चोख होती. पण रेशनकार्डावर नाव आहे म्हणून घरात धान्य असतंच असं नाही, तसंच हे. गुण मिळवून आलेल्या माणसाचं पुढे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय झालं हे कुणी पाहायचं? स्टॅटिस्टिक्स कॅनडा या केंद्रीय सांख्यिकी संस्थेनं त्यावर एक चिकाटीचं काम केलं. १९८० पासून कायमच्या वास्तव्यासाठी आलेल्यांच्या प्रवेशाच्या नोंदी तिनं १९८२ पासूनच्या आयकर विवरणपत्रांशी जोडल्या. नावं काढून टाकलेली असतात, संशोधकाला ती माहिती कडक बंदोबस्तातच पाहता येते. पण कौशल्याच्या वर्गातून आलेला, कुटुंबाच्या वर्गातून आलेली, निर्वासित म्हणून आलेला, अशा प्रत्येक गटाची कमाई दरवर्षी कशी बदलली ते त्यात दिसतं. माणूस कुठल्या प्रांतात उतरला आणि आता कुठे कर भरतो तेही दिसतं. अटलांटिक किनाऱ्यावरच्या छोट्या प्रांतांना आपल्याकडे आलेली माणसं टिकत नाहीत, ती टोरांटो ज्यात आहे त्या ओंटारिओ प्रांताला जातात, हे आकड्यांनी सांगता आलं ते या नोंदींमुळे. २०१७ मध्ये त्या प्रांतांसाठी वेगळी प्रायोगिक योजना सुरू झाली, तिच्यामागे हीच गळती होती.

आता या विषयातला सगळ्यात मोठा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात शिकवणारा शोध. जनगणनेचे आकडे पाहा. १९८० मध्ये नुकताच आलेला पुरुष, कॅनडात जन्मलेल्या पुरुषाच्या प्रत्येक डॉलरमागे ८५ सेंट कमावत होता. २००५ पर्यंत ते ६३ सेंटवर आलं. बायकांचं ८५ वरून ५६ वर. आणि गंमत नव्हे, चिंता ही की या काळात येणारी माणसं आधीच्यांपेक्षा जास्त शिकलेली होती. निम्म्याहून अधिक जण पदवीधर. शिक्षण वाढतंय आणि कमाई घटतेय, हे कसं?

अर्थतज्ज्ञांनी यावर वर्षानुवर्षं खणलं. उत्तर एक निघालं नाही, तीन-चार निघाली. परदेशातल्या अनुभवाची किंमत कॅनडाच्या बाजारात जवळजवळ शून्यावर आली होती, म्हणजे पुण्यात १५ वर्षं कारखाना चालवलेल्या इंजिनीअरला तिथे नवशिका समजत होते. दुसरं, येणारे लोक आता युरोपऐवजी आशियातून येत होते, आणि इंग्रजी-फ्रेंचची सवय, पदवीची ओळख यांत फरक पडत होता. तिसरं, त्या काळात नोकरीच्या बाजारात नव्यानं उतरणाऱ्या सगळ्यांचेच पगार खाली आले होते, कॅनडात जन्मलेल्या तरुणांचेसुद्धा. आणि २००० नंतर संगणक क्षेत्र कोसळलं, नेमके तेव्हा तिकडे संगणक इंजिनीअर ढिगानं उतरत होते.

हे सगळं एवढ्या तपशिलात का सांगतो आहे? कारण यातलं प्रत्येक कारण वेगळ्या खात्याच्या दारात जातं. पदवी न ओळखणं हे कारण असेल तर डॉक्टर, इंजिनीअर, नर्स यांना परवाने देणाऱ्या मंडळांना जाब विचारायचा. भाषा हे कारण असेल तर निवडीचे नियम आणि भाषावर्ग बदलायचे. भेदभाव असेल तर मानवी हक्कांचा कायदा. मंदी असेल तर निवड-नियमांना हात लावून काही साधत नाही. "नवागतांची परिस्थिती बिकट आहे" एवढंच लिहिणारा प्रबंध कुठल्याच खात्याच्या कामाचा नसतो. खात्यातला माणूस अहवाल हातात घेतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: माझ्या अखत्यारीतलं नेमकं काय बदलू? त्याला तुच्छ लेखू नका. तो प्रश्न रास्त आहे.

भेदभावाचा मुद्दा घ्या. टोरांटो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपुलस यांनी शहरातल्या नोकरीच्या ऑनलाइन जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखे ठेवले, फक्त नाव बदललं, किंवा अनुभव कॅनडाऐवजी परदेशातला दाखवला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी नावाच्या उमेदवाराला जितक्या वेळा बोलावणं आलं, त्यापेक्षा भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावाच्या उमेदवाराला बरंच कमी आलं. अनुभव परदेशातला असेल तर आणखी कमी. नोकरी देणारे म्हणत, आम्हाला भाषेची धास्ती वाटते. पण अर्जात भाषेवरचं प्रभुत्व, बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव, नामांकित विद्यापीठाची पदवी लिहूनही ती दरी भरली नाही. तिकडच्या मराठी घरांत "नाव इंग्रजी वळणाचं ठेवू का" अशी कुजबुज मी खूप ऐकली आहे. ती भीती निराधार नव्हती हे या प्रयोगानं दाखवून दिलं.

त्याच्या जोडीला एक पाहणी होती. ऑक्टोबर २००० ते सप्टेंबर २००१ या काळात उतरलेल्या सुमारे १२,००० जणांना सहा महिन्यांनी, आणि त्यांतल्या जे पुन्हा सापडले त्यांना दोन वर्षांनी, मग चार वर्षांनी गाठून विचारलं गेलं. "कॅनडातला अनुभव नाही" ही अडचण त्यात पुन्हा पुन्हा आली. मग कायद्यात काय झालं? ओंटारिओनं २००६ मध्ये परवाना देणाऱ्या मंडळांवर देखरेखीचा कायदा केला. २०१३ मध्ये प्रांताच्या मानवी हक्क आयोगानं सांगितलं की कॅनडातल्या अनुभवाची सरसकट अट हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे. २०२१ मध्ये परवान्याच्या व्यवसायांत त्या अटीवर कायद्यानं निर्बंध आले, २०२४ च्या कायद्यानं नोकरीच्या जाहिरातींतही ती अट घालायला मनाई केली. पहिल्या मुलाखतींपासून इथवर दोन दशकं गेली. मधल्या काळात टॅक्सी चालवणाऱ्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी निवृत्तीला आली. मला हे लिहिताना आजही राग येतो. पण त्या नोंदी नसत्या तर आजही "हे लोक मेहनत करत नाहीत" एवढ्यावर विषय मिटला असता.

संशोधन धोरणात शिरतं तेव्हा नेहमी भलंच होतं, असंही समजू नका. त्याच आकड्यांतून केंद्र सरकारनं आणखी एक गोष्ट उचलली: कायमचा परवाना मिळण्याआधीच जो कॅनडात शिकला किंवा चांगल्या पगारावर काम करत होता, त्याची पुढची कमाई चांगली राहते. हे खरंच होतं. त्यावरून २००८ मध्ये कॅनडातला अनुभव असलेल्यांचा वेगळा वर्ग निघाला, २०१३ मध्ये भाषेची किमान पातळी आणि पदवीची तपासणी सक्तीची झाली, २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे इच्छुकांना गुणांनुसार क्रम लावून वरच्यांना बोलावणारी पद्धत, आली. आधी तात्पुरते या, मग कायमचे व्हा, ही वाट रुळली. पंजाब, गुजरात, महाराष्ट्रातले तरुण विद्यार्थी व्हिसावर जाऊ लागले ते पुढची ही पायरी डोळ्यांसमोर ठेवून. काही महाविद्यालयांनी फीच्या लोभानं वाट्टेल तेवढे प्रवेश दिले. घरभाडी भडकली. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, आणि ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं कायमच्या प्रवेशाचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. एन्व्हायरॉनिक्स संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये ५८ टक्के लोक म्हणाले की देशात फार स्थलांतर होतंय. असं बहुमत तिथे कित्येक वर्षांत नव्हतं.

माझं यावरचं मत असं: मूळ निष्कर्ष थोड्या, निवडक माणसांवरून काढलेला होता. ती वाट जेव्हा सगळ्यांची झाली, तेव्हा तिच्यावरून येणारा माणूसही बदलला आणि शहरावरचा भारही. निष्कर्ष कुठल्या परिस्थितीत खरा आहे आणि ती परिस्थिती बदलली तर काय होईल, हे संशोधकानं स्वतः, न विचारता, पहिल्या पानावर लिहायला हवं. खातं ते विचारत नाही.

आता एकत्र बसण्याबद्दल. १९९६ मध्ये केंद्रातलं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणारी परिषद यांनी मिळून मेट्रोपोलिस हा प्रकल्प सुरू केला. माँट्रियल, टोरांटो, एडमंटन, व्हँकुव्हर इथे विद्यापीठांची केंद्रं, पुढे अटलांटिक प्रांतांतही एक. अनेक केंद्रीय खात्यांनी पैसे घातले, आणि पैसे घातले म्हणून त्यांचे अधिकारी बैठकांना यायचे. घरबांधणी खात्याचा माणूस, शाळांचा माणूस, स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती आणि प्राध्यापक एका खोलीत. संशोधनाचे विषय दोन्ही बाजूंनी मिळून ठरत. यातून निघालेले अहवाल सगळेच थोर नव्हते. पण एक पिढी अशी तयार झाली की अधिकाऱ्याला कुणाला फोन करायचा ते ठाऊक होतं, आणि प्राध्यापकाला फाइल कुठे अडते ते. २०१२ मध्ये त्या केंद्रांचा केंद्रीय निधी संपला.

त्याच सुमारास नोंदींवरही घाला आला. २०१० मध्ये सरकारनं जनगणनेचा सक्तीचा विस्तृत फॉर्म रद्द करून त्याजागी ऐच्छिक पाहणी आणली. मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी जुलै २०१० मध्ये राजीनामा दिला, कारण ऐच्छिक पाहणी सक्तीच्या जनगणनेची जागा घेऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०११ च्या पाहणीला प्रतिसाद मिळाला सुमारे ६९ टक्के. हजाराहून अधिक छोट्या गावांचे आकडे छापण्यालायकच निघाले नाहीत. जे उत्तर देत नाहीत ते बहुतेक गरीब, भाषेनं अडलेले, नव्यानं आलेले असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी धोरण करायचं तेच आकड्यातून पुसले जातात. २०१६ मध्ये सक्तीचा फॉर्म परत आला आणि प्रतिसाद ९७ टक्क्यांच्या वर गेला. २०२१ च्या जनगणनेत देशातले २३ टक्के लोक परदेशातून आलेले, आणि २०१६ नंतर आलेल्यांत १८.६ टक्के भारतात जन्मलेले, हे आज ठामपणे सांगता येतं ते त्यामुळे.

सांस्कृतिक विविधतेचा भाग जास्त नाजूक आहे. तिथे आकडे पुरत नाहीत. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात २००७ मध्ये मोठा वाद पेटला: अल्पसंख्याकांच्या धार्मिक रिवाजांसाठी संस्थांनी किती जुळवून घ्यायचं? एरूव्हिल नावाच्या हजार-तेराशे वस्तीच्या गावानं, जिथे परदेशी जवळपास कुणी नव्हतंच, "इथे बायकांना दगडांनी ठेचून मारता येणार नाही" अशी नियमावली काढली. प्रांतानं इतिहासकार-समाजशास्त्रज्ञ जेरार बुशार आणि तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांचा आयोग नेमला. त्यांनी प्रांतभर जाहीर सुनावण्या घेतल्या आणि एक मोलाचं काम केलं. वर्तमानपत्रांत गाजलेली २१ प्रकरणं मुळापासून तपासली. त्यांतल्या १५ प्रकरणांत प्रत्यक्ष घडलेलं आणि लोकांना कळलेलं यांत ठळक तफावत निघाली. या विषयात काम करणाऱ्यानं हे उदाहरण जवळ बाळगावं. वाद ज्या घटनेवरून पेटला ती घटना घडली तरी होती का, हे शांतपणे शोधणं हीसुद्धा विद्वत्ता आहे, आणि ती समाजाच्या फार उपयोगी पडते.

तरी धोरण त्यांच्या म्हणण्यानुसार झालं का? २००८ च्या अहवालात त्यांनी सुचवलं की न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस, तुरुंगरक्षक अशा सत्तेचा बडगा हातात असलेल्या मोजक्या पदांवरच धार्मिक चिन्हांना मनाई असावी. शिक्षकांवर नको. क्विबेक सिटीतल्या मशिदीवर जानेवारी २०१७ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर टेलर यांनी त्या मर्यादित मनाईचाही पाठिंबा काढून घेतला. आणि जून २०१९ मध्ये प्रांतानं जो कायदा केला त्यात शिक्षकही आले. अभ्यास वस्तुस्थिती स्वच्छ करतो. समाजानं कोणत्या मूल्याला किती वजन द्यायचं हे मात्र निवडून आलेले लोक ठरवतात, आणि ते अभ्यासातला सोयीचा तुकडा उचलतात.

"तज्ज्ञांचंच एकमत नसतं" हा टोमणा तुम्हाला ऐकावा लागेल. त्यासाठी अमेरिकेतल्या मियामीची गोष्ट पाठ असू द्या. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत आले आणि मियामीचं मनुष्यबळ एकदम ७ टक्क्यांनी वाढलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की स्थानिकांच्या पगारावर फारसा परिणाम झाला नाही. २०१७ मध्ये जॉर्ज बोर्हास यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा गट घेतला आणि पगार जोरात घसरल्याचं मांडलं. मग मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवलं की नेमक्या त्याच वर्षांत पाहणीच्या नमुन्यात कमी पगाराच्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं, आणि त्या छोट्या गटातली घसरण बऱ्याच अंशी त्यातून आली असावी. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे भांडण मतांचं नव्हतं, कुणाला मोजलं याचं होतं. अशा वादात दोन्हीकडची माणसं कशी मोजली ते आधी बघा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही बीडचे आहात, आणि परदेशातलं स्थलांतर शिकायला निघाला आहात. तेही करा. पण तुमच्या अंगणात जो विषय आहे तिथे सलग नोंदींची वानवा कॅनडाहून कितीतरी भीषण आहे. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन नवरा-बायको जोडीनं, म्हणजे एक 'कोयता' म्हणून, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर वर्षात एक महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेला. हंगाम लांबला की हा माणूस त्या व्याख्येच्या काठावर जातो. जानेवारीत गावात पाहणी केली तर घराला कुलूप असतं, आणि फडावरच्या कोप्यांत कुणी पाहणी करत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता, पण जिल्ह्यातून जिल्ह्यात जाणाऱ्यांना तो लागूच नव्हता.

तिथे खात्याच्या कामाचा प्रश्न कोणता? आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालवायची योजना आहे. ती नीट चालवायची तर टोळ्या निघण्याआधी कळायला हवं की कोणत्या गावातून किती मुलं जाणार आहेत. टोळ्या निघून गेल्यावर मोजदाद झाली तर तिचा उपयोग नाही. म्हणून तुमचा प्रबंध असा आखता येईल: आठ-दहा गावं, तीच ती कुटुंबं, निदान चार हंगाम. कोण गेलं, कुणी मुलांना मागे ठेवलं, उचल किती, परतल्यावर मूल पुन्हा शाळेत बसलं का. पहिल्या हंगामाचे आकडे हाती आले की प्रबंध पूर्ण व्हायची वाट न पाहता गटशिक्षणाधिकाऱ्यांना दोन पानांत द्या, मराठीत, गाववार. दुसऱ्या वर्षी त्यांनाच विचारा की तुम्हाला आणखी काय माहीत असायला हवं होतं, आणि तो प्रश्न प्रश्नावलीत घाला. मार्गदर्शक निवडताना त्यांना ही चार वर्षांची चिकाटी मान्य आहे का ते आधी विचारा. दोन वर्षांत निबंध हवा म्हणणारे बरेच भेटतील. नमुना ठरवायच्या आधी शाळेची हजेरीपटं पाहायची परवानगी मिळवा, आणि पहिली फेरी टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे भाद्रपद संपायच्या आत पूर्ण करा.